भुईकाट्याचा 'वजनपूल' कोणी केला?

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला 'ब्रिज' या शब्दावरचा लेख वाचला. त्याच रात्री लिहायला बसलो होतो, पण लाइट गेली. एका अर्थी बरंच झालं, नाहीतर चार शब्द जास्तीचे गेले असते.

लेखकमहाशयांनी पत्त्यांच्या ब्रिजपासून दातांच्या ब्रिजपर्यंत सगळं गोळा केलंय, त्या मेहनतीला नमस्कार. दातांचा ब्रिज माझ्याच तोंडात आहे. पडलेल्या एका दातापायी शेजारचे दोन धडधाकट दात घासून घेतले, तेव्हाच त्याचा अर्थ नीट कळला. पण 'इंग्रजीत बघा किती अर्थ आणि आपल्याकडे काय, तर एक पूल' हा सूर कशासाठी? तो पूलही मुळात फारसीतून आलेला, ते जाऊ द्या. तंबोऱ्याच्या तारा टेकतात ती घोडी. भुसावळ स्टेशनात प्लॅटफॉर्म बदलायला चढतो तो दादरा. कोकणात ओढ्यावरचा साकव. आमच्या नाल्यावरची फरशी, जिच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं आणि आम्ही दोन्ही काठांना मोटारसायकली लावून बिड्या ओढत उभे राहतो. धुळ्यात तर रिक्षावाल्याला नुसतं 'लहान पूल' म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. एवढं सगळं असताना लेखकाला एकच शब्द सापडला!

हेही पोटात घातलं असतं. पण तिसऱ्या रकान्यात 'वेब्रिज म्हणजे वजनपूल' हे वाचलं आणि हातातला चहा गार झाला. वजनपूल! अमळनेर, चोपडा, एरंडोल, कुठल्याही जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, दारात जा आणि 'वजनपूल कुठे आहे हो' असं विचारून पाहा. त्याला भुईकाटा म्हणतात, साहेब. भुईबरोबर लोखंडी पाट, खाली वजन मोजणारे लोडसेल, शेजारच्या खोलीत लाल आकडे. पूल ओलांडायचा असतो. भुईकाट्यावर गाडी उभी करायची असते आणि जीव मुठीत धरून आकड्याकडे बघायचं असतं.

जीव मुठीत का, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कापसाची ट्रॉली घेऊन एका जिनिंगवर गेलो. भरलेल्या गाडीचा काटा झाला, गाडी रिकामी झाली, पुन्हा काट्यावर आली. तिघे हमाल ट्रॉलीतच बसलेले. मी म्हटलं, उतरा रे. तर एक जण म्हणतो, 'बसू दे ना बापू, आमनं काय वजन शे?' सगळे हसले, मीही हसलो. मागे गाड्यांची रांग, हॉर्न चाललेले. पावती खिशात घातली आणि निघालो.

घरी येऊन आठ दिवसांपूर्वीची पावती शेजारी ठेवली. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, आणि रिकामं वजन या खेपेला १६० किलोने जास्त! भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करून कापूस धरतात, तेव्हा रिकामी गाडी जेवढी जड, तेवढा कापूस कमी. म्हणजे दीड क्विंटलच्या वर माझा कापूस त्या तिघांच्या बुडाखाली गेला. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझा माल ढिगात मिसळलेला. काटावाला पावती उलटसुलट करून म्हणतो, 'सही तुमचीच आहे ना?' होती माझीच. हमालांवर माझा राग नाही, दिवसभर वेचणीचा कापूस उपसून ते बसले होते. पण 'आमनं काय वजन शे' हे वाक्य अजून घरात कोणी म्हटलं की सौ. माझ्याकडे बघते.

तेव्हा लेखकांना एवढंच कळवा की शब्दकोश उघडण्याआधी एकदा काट्यावर येऊन उभे राहा, पाहिजे तर वजनही करून देऊ. फुकट!

'सेतू'वरही त्यांनी फार गोड परिच्छेद लिहिलाय, माणसं जोडणारा वगैरे. आमच्याकडे सेतू म्हणजे तहसीलमधली खिडकी, जिथे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नातवाबरोबर तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा सर्व्हर डाऊन. पण हा अर्थ लेखात नाही, जागेअभावी राहिला असेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. अमळनेर

ता. क. : जागेवरून आठवलं. कापसाच्या बाजारभावाचा रकाना पंधरा दिवसांपासून दिसत नाही आणि राशिभविष्य मात्र अर्ध्या पानावर पसरलंय. माझ्या राशीला परवा 'धनलाभ' होता. त्या दिवशी कापूस काय भावाने गेला, तेवढं छापलं असतं तर ताळा करून पाहिला असता.