जुन्या इंजेक्शन गाडीचा फ्युएल पंप निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या रॅलींविषयी आपल्या दैनिकात आस्थेने लिहिले जाते. त्या मोटारी चालत्या ठेवण्यातील एका अडचणीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. या वयाच्या बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण यांत्रिक पद्धतीने करणाऱ्या, असतात. मात्र बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्टरमधून (विजेच्या झडपेतून) पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली, पुढे मर्सिडीज, व्होल्वो, पोर्श ९१४ आणि सित्रोएन डीएस यांच्या काही मॉडेलांत ती बसली, आणि त्या गाड्यांनीही आता पन्नाशी गाठली आहे. अशा गाडीचा मूळ फ्युएल पंप निकामी झाला की मालक आणि मेकॅनिक दोघेही दुकानात ‘बारा व्होल्टचा इंजेक्शन पंप’ एवढेच मागतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या आपल्या जुन्या कारागिरांना यांत्रिक एसी पंप (एसी हे ब्रँडचे नाव) चांगला परिचयाचा आहे. तो इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि त्याचा दाब पाव बारच्या आसपास असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब). डी-जेट्रॉनिकला सुमारे २ बार दाब लागतो, तर १९७३ पासून आलेल्या बॉशच्याच यांत्रिक के-जेट्रॉनिक इंजेक्शनला ५ बारच्या जवळपास. त्यामुळे कार्ब्युरेटरसाठी विकला जाणारा विजेचा पंप येथे उपयोगाचा नाही, हे बहुतेकांना समजते. उलट बाजूची चूक मात्र सहज होते: जितका जोरदार पंप तितका चांगला, असे समजून आधुनिक, मोठ्या क्षमतेचा पंप बसवला जातो.

या प्रणालींत पंपाचे काम पेट्रोल मुबलक पुरवण्याचे आहे. दाब ठरवतो तो रेग्युलेटर, आणि इंजिनाला नको असलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. पंपाचा पुरवठा त्या अरुंद नळीच्या आणि रेग्युलेटरच्या आवाक्याबाहेर गेला, तर रेग्युलेटर पूर्ण उघडूनही दाब चढतच राहतो. डी-जेट्रॉनिकमध्ये ऑक्सिजन सेन्सर नाही, येणारी हवा मोजणारे यंत्रही नाही. मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) दाब, इंजिनाची गती आणि तापमान यांवरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरते, आणि त्यात पेट्रोलचा दाब ठरलेलाच आहे असे गृहीत धरलेले असते. दाब २ वरून २.५ बारवर गेला की प्रत्येक वेळी सुमारे दहा ते बारा टक्के जास्त पेट्रोल आत जाते. मग काळा धूर येतो, प्लग काजळतात, आणि हा हिशेब करणाऱ्या, दोष नसलेल्या कंट्रोल युनिटवर संशय घेतला जातो. शिवाय मोठा पंप जास्त वीज ओढतो आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरी तापतात.

दुसरी गोष्ट जागेची. मूळचा रोलर-सेल (फिरत्या रोलरांचा) पंप पेट्रोल पुढे जोराने ढकलतो, पण ओढून घेण्यात तो दुबळा असतो; म्हणून तो टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली हवा, आणि त्याच्याकडे येणारी नळी मूळ मापाइतकी रुंद हवी. ही नळी बारीक केली की पंपाच्या तोंडाशीच बुडबुडे होतात आणि तो लवकर झिजतो. पोर्श ९१४ मध्ये हा पंप सुरुवातीला इंजिनाजवळच्या गरम जागेत होता. त्यामुळे व्हेपर लॉकच्या, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याच्या, तक्रारी येत, आणि १९७५ च्या मॉडेलपासून कंपनीने तो पुढे टाकीखाली नेला. विदर्भातील मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याने हे अवश्य लक्षात ठेवावे. त्या काळच्या काही पंपांना तीन तोंडे असत: पेट्रोल आत घेणारे, दाबाचे आणि परतीचे. त्याजागी दोन तोंडांचा पंप चालतो, परंतु उरलेली परतीची जोडणी काढून तिचे तोंड व्यवस्थित बंद करावे लागते. टाकीत बुडवून ठेवायचा आधुनिक पंप बाहेर लटकावू नये. बाहेरून थंड ठेवणारे पेट्रोल भोवती नसले की तो तापतो.

मुळात पंप बदलण्याआधी तो खरोखर बिघडला आहे का, हे तपासावे. पंप चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे, कारण गंजलेला रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा कच्चे अर्थिंग असेल तर चांगला पंपही मंदावतो. परतीच्या नळीतून ठरावीक सेकंदांत किती पेट्रोल यावे हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. टाकीतील गंज आणि चोंदलेली जाळी तशीच ठेवून नवा पंप बसवणे म्हणजे तोही फुकट घालवणे.

आता पेट्रोल पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होतात, म्हणून नवा पंप, नळ्या व सील इथेनॉल सोसणारे असावेत, आणि नळ्या इंजेक्शनच्या दाबासाठीच बनवलेल्या असाव्यात. अशा पेट्रोलवर मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, हे खरे आहे. पण ते सुधारायचे असेल तर दाबाचा गेज लावून रेग्युलेटर किंचित फिरवावा. त्यासाठी मोठा पंप घेऊ नये.

व्हिंटेज नोंदणीपूर्वी तपासणी करणाऱ्या समितीला माझी दोन बाबतींत विनंती आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी ही अट योग्यच आहे. तरीही योग्य दाबाचा व पुरवठ्याचा आजचा पंप बसवला असेल, तर त्याला मूळ स्वरूपातील फेरफार समजू नये. दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. मूळ रचनेत किल्ली फिरवल्यावर पंप क्षणभर चालून थांबतो आणि इंजिन फिरू लागल्यावरच पुन्हा सुरू होतो. हे काम करणारा रिले मिळत नाही म्हणून अनेक ठिकाणी पंप थेट किल्लीला जोडलेला असतो. अशा गाडीचा अपघात होऊन इंजिन बंद पडले आणि नळी तुटली, तरी पंप पेट्रोल ओतत राहतो. तपासणीच्या वेळी किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून पंप आपोआप थांबतो का एवढे ऐकावे, आणि थांबत नसेल तर ती जोडणी दुरुस्त होईपर्यंत नोंदणी देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे