विसावी रात्र

किल्डेर, आयर्लंड, २६ जानेवारी

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालीस, "आई, ब्रिजिड देवीला घरात जागा करायची आहे गं, पण नाइट ड्यूटीपायी काहीच धड पाळलं जात नाही." वर्षाचे आठ सण, प्रत्येकाची वेगळी मेणबत्ती, कोपऱ्यातली वेदी, सगळी यादी वाचून दाखवलीस. आवाज दमलेला होता तुझा. म्हणून लिहायला बसले.

जुन्या देवतांना मानणाऱ्या पेगन लोकांचं ते आठ सणांचं चक्र गेल्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात असं एकत्र बांधलं गेलं. नवं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. पण तुला सध्या एक सण पुरे, आणि इंबोल्क, ब्रिजिडचा १ फेब्रुवारीचा सण, तर तुझ्या हातातच आहे. आठव, ३१ जानेवारीची संध्याकाळ, शेजारच्या आजींचं स्वयंपाकघर, टेबलावर ओल्या लव्हाळ्याचा ढीग. आजी तो कापू द्यायच्या नाहीत, हाताने उपटूनच आणायचा. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर चढवायची, पाव वळसा फिरवायचं, की पुढची, असा ब्रिजिडचा क्रॉस विणायचा. तुझ्या पहिल्या क्रॉसचा एक हात आखूड झाला होता. मागच्या दारावर तो अजून आहे. घराला आग लागू नये म्हणून लावतात, हे तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस.

आजी पक्क्या कॅथलिक, त्यांची ब्रिजिड संत. तुझी त्याआधीची: जुन्या आयरिश देवांतल्या दाग्दाची लेक, कवींची देवी, आणि तिच्या दोन्ही बहिणींचं नावही ब्रिजिडच, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. त्या टेबलावर संत आणि देवी दोघी मावत होत्या. तुझ्याकडे माझा गणपतीही आहे. त्यालाही शेजार मिळेल.

आता जादूबद्दल. हा शब्द तुझ्या तोंडी आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. आमच्या गावात एका बाईवर करणीचा आळ होता, तिच्या दारावरून आम्हा पोरींना जाऊ देत नसत. तिनं कुणाचं काय वाईट केलं होतं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हायला महाराष्ट्रात २०१३ साल उजाडलं. आणि इथे? १८९५ साली टिपररीत ब्रिजेट क्लिअरी नावाची २६ वर्षांची बाई आजारी पडली. नवरा म्हणू लागला, ही माझी बायको नव्हेच, तिला परीलोकातल्या फेअरींनी पळवलं आणि ही तिच्या जागी ठेवली. त्याने तिला जाळलं. नाव बघ तिचं, ब्रिजिडचंच. म्हणून माझी एकच अट आहे: ज्या जादूत दुसऱ्या माणसावर बोट रोखलं जातं, किंवा त्याच्या मनाविरुद्ध काही घडवायचं असतं, ती तुझ्या उंबरठ्याच्या आत नको.

घरातली जादू मी आजींकडेच शिकले. तू सहा वर्षांची असताना रात्री कान दुखून तापलीस. मी आजींनी दिलेलं ब्रिजिडचं फडकं, तिच्या सणाच्या आदल्या रात्री बाहेर ठेवून तिचा आशीर्वाद घेतलेलं, तुझ्या कपाळावर ठेवून बसून राहिले, दोन तास. आजी आल्या, तुला हात लावला आणि माझ्यावर चक्क रागावल्या. "आधी डॉक्टरला फोन. फडकं वाट बघायला असतं." मग डॉक्टर येईपर्यंत त्यांनीच ते तुझ्या डोक्याला बांधलं आणि माझा हात धरून बसल्या. मला त्या रात्री त्याचा किती आधार झाला, ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि पाळलं जात नाही म्हणतेस ना, त्याचं ऐक. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्ड या धर्मगुरूने आपल्या किल्डेरच्या अग्नीबद्दल लिहून ठेवलंय. मठातल्या एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र तो राखायच्या. विसाव्या रात्री एकोणिसावी लाकडं रचून ठेवायची आणि म्हणायची, ब्रिजिड, आजची रात्र तुझी. सकाळी अग्नी पेटलेलाच असायचा. पुढे तो विझला, १९९३ साली ब्रिजिडाइन सिस्टर्स या कॅथलिक जोगिणींनी पुन्हा चेतवला. चौकातल्या त्या ज्योतीपाशी तुला खांद्यावर घेऊन उभी राहिलेय मी. तेव्हा ड्यूटीवरून येऊन तशीच झोपलीस, दिवा राहिला, तर ती रात्र तिची समज. फक्त निघताना वात तेवढी घालून ठेव.

सोबत लव्हाळा पाठवतेय, ओल्या कागदात गुंडाळलाय, आल्या आल्या पाण्यात ठेव. आणि ते फडकंही आहे, अर्धं. मध्ये कात्री चालवली, कडा शिवल्या नाहीत. ३१ च्या रात्री ते खिडकीबाहेर ठेव, सूर्य उगवायच्या आत घरात घे. आधी मापून ठेव, सकाळी लांब भरलं तर शुभ म्हणतात. तुझ्या गॉलवेचा वारा आहे, दोन चिमटे लाव.

तुझी,
आई