मामांच्या सीटची फ्रेम कापू नकोस

म्युनिक
रविवार

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. फोन करणार होतो, पण सांगायचं आहे ते फोनवर अर्धंच राहील, म्हणून पत्र लिहायला बसलो. मामांच्या जुन्या मोटारसायकलच्या सीटचं रबर पार फाटलंय, ते बसवणारा कोल्हापुरात कुणी सापडत नाही, म्हणून फ्रेमवर पत्रा वेल्ड करून वर फोम आणि रेक्झिन टाकायचा तुझा विचार आहे. तुझ्या हाताखाली उद्यमनगरातलं अख्खं वर्कशॉप आहे, तुला हे काम अर्ध्या दिवसाचं. पण थांब. त्या फ्रेमला ग्राइंडर लावू नकोस. रबर मी इथून पाठवतो आणि ते कसं बसवायचं तेही सविस्तर लिहितो. माझ्या गाडीचं नुकतंच बसवलं आहे, त्यामुळे सगळं ताजं आहे.

आधी हे सांगतो की मी एवढा अडून का बसलोय. आपण ज्याला सीट म्हणतो तिच्यात खाली पत्रा असतो, वर फोम असतो, आणि रेक्झिन ही नुसती खोळ. ती फाटली तर दुसरी शिवायची. मामांच्या बीएमडब्ल्यूची सीट तशी नाही. तिच्यात रबराच्या खाली काहीही नाही, मोकळी हवा आहे. पुढचं नाक आणि मागची कमान यांच्यामध्ये ते जाड रबर ताणून बसवलेलं असतं आणि माणसाचं सगळं वजन तो ताणच पेलतो. आजोळच्या पडवीतली नवारीची बाज आठव. नवार काढली तर मागे नुसता चौकोन उरतो. म्हणजे रबर हीच सीट आहे. शिवाय तिचा सांगाडा पुढच्या पिनेवर वरखाली झुलतो आणि स्प्रिंग तो झोला पेलते. तू पत्रा टाकलास की रबराचा अर्धा झोला गेला, वजन वाढलं, बसायची उंची वाढली, आणि मामा ज्या गाडीवर बसायचे ती गाडी राहिली नाही.

माझी बीएमडब्ल्यू आर २५/३ ही १९५३ ते १९५६ या काळातली. मागे प्लंजर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळीतली स्प्रिंग, त्याची हालचाल थोडीच, त्यामुळे खड्ड्याचा बराचसा दणका सीटनंच खायचा असतो. मामांची आर २६ तिच्या पुढची, १९५६ ते १९६० मधली. तिला मागे स्विंगआर्म, म्हणजे चाक धरून वरखाली झुलणारा दांडा आहे, पुढचं चाकही तशाच झुलत्या दांड्यावर धरणारा अर्ल्स फोर्क आहे, इंजिन तेच २४७ सीसीचं पण १३ ऐवजी १५ अश्वशक्तीचं. सस्पेन्शन इतकं सुधारलं तरी सीट मात्र रबराचीच ठेवली. पुढं सगळीकडे लांब डबल सीटची पद्धत आली आणि ही एकट्याची रबरी सॅडलं मागे पडली. मामी मागे ज्या वेगळ्या छोट्या रबरी सीटवर एका बाजूनं बसायच्या ती मडगार्डवरची सीटही याच जातीची. ती धडधाकट असेल तर तिला हात लावू नकोस.

आता कामाचं. तुझ्या सीटची बनावट कोणती ते आधी मला कळव. या गाड्यांवर मुख्यतः दोन कंपन्यांची सॅडलं सापडतात, डेनफेल्ड आणि पागुसा. डेनफेल्ड हे फ्रँकफर्टजवळच्या बाड होम्बुर्गचं. दिसायला दोन्ही भावंडं, पण एकाचं रबर दुसऱ्याच्या फ्रेमवर नीट बसत नाही. जुन्या रबराच्या मागच्या बाजूला नाव उठवलेलं असतं. झिजलं असेल तर खडू घासून बघ, अक्षरं उठून दिसतात. तेही नाही जमलं तर फ्रेमची लांबी, मागच्या कमानीची सगळ्यात जास्त रुंदी आणि नळीची जाडी अशी तीन मापं कॅलिपरनं घेऊन पाठव, खालून वरून फोटो काढ.

रबर मी बघूनच घेईन. मागे एका विक्रेत्याकडून मागवलेलं स्वस्तातलं रबर आलं तेव्हाच हाताला पातळ लागलं होतं. दुमडलं की घडीवर पांढुरकी रेघ उमटायची. ते परत पाठवलं. चांगलं रबर हातात जड लागतं, घडी घालून सोडलं की लगेच पूर्ववत होतं, काठ सगळीकडे सारखा जाड असतो आणि अंगठ्याचं नख दाबलं तर खूण राहत नाही.

तोवर तू फ्रेमचं काम उरक. जुनं रबर वाचवायच्या भानगडीत पडू नकोस, कटरनं सरळ काप. फक्त नाव असलेला मागचा तुकडा जपून ठेव. रबर निघालं की मागच्या कमानीची खालची बाजू बघ, जिथं काठ आत वळतो. पाणी तिथंच साठतं आणि गंजही तिथंच खोल गेलेला असतो. माझ्या फ्रेमवर तिथं पापुद्रे सुटत होते, तारेचा ब्रश फिरवला तेव्हा खाली खड्डेच खड्डे. नळी कुठं चिरली असेल तर वेल्डिंग तिथंच आणि तेवढंच कर, आणि वेल्डचा फुगवटा कानशीनं पूर्ण घासून काढ. बोट फिरव. बोटाला जे टोचतं ते ताणलेल्या रबराला आतून कापत राहतं, आणि वरून ते कळतही नाही. नाकाच्या टोकावर आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर मी पॉलिश पेपर मारला, एवढी ती जागा महत्त्वाची आहे.

रंगाला पावडर कोटिंगच कर, तुझ्या शेजारच्याच शेडमध्ये होतं ना? ब्रशनं मारलेला एनॅमल वरून सुकल्यासारखा वाटतो पण आत बरेच दिवस मऊ असतो, आणि रबर त्याला चिकटून बसतं. पावडर भट्टीतून भाजूनच निघते, ती अडचण राहत नाही.

बसवायच्या दिवशी एक माणूस जोडीला हवाच. इथं ही होती, आणि खरं सांगतो, तिच्या हाताशिवाय मागचा कोपरा चढला नसता. रबर आधी हातानं आडवं-उभं चांगलं ताणून सोडायचं, असं दोन-चार वेळा. नव्या रबराला पहिल्या ताणाला जितका जोर लागतो तितका पुढच्या ताणाला लागत नाही, ते थोडं नरमतं. मग पाण्यात टाकायचं. उकळतं नको, साठ अंशांच्या आसपास, म्हणजे हात बुडवला तर चटकन काढावासा वाटेल इतपत. पाव तास पूर्ण बुडवून ठेव, वर तरंगणारा भाग थंडच राहतो, त्यावर ताटली ठेव. तोवर फ्रेमला साबणाचं पाणी लाव, टायरवाला रिमला लावतो तसं दाट. तेल, ग्रीस, रॉकेल यातलं काहीही लावायचं नाही. पोरं पटकन हाताशी असेल ते ऑइल फासतात. नैसर्गिक रबर असलं तेल पितं, फुगतं आणि पुढे चिकट होऊन सैल पडतं. साबण सुकला की निघून जातो.

सुरुवात नाकापासून. रबराच्या पुढच्या टोकाला खिशासारखा भाग असतो, तो फ्रेमच्या नाकावर पूर्ण आत जाईपर्यंत पुढं सरकायचं नाही. मधली शिवण, म्हणजे साच्याची जी बारीक रेघ असते, ती फ्रेमच्या मध्यावर आली का बघ. इथं थोडं तिरपं गेलं तर मागे बोटभर तिरपं होतं. मग फ्रेमचं नाक भिंतीला टेकवून एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं मागून ओढायचं. नुसत्या बोटांनी ओढू नकोस, साबणामुळे निसटतं आणि नखं उलटतात. मी रुंद कापडी पट्टा रबराच्या मागच्या काठात अडकवून ओढला. तुला तिथं नवार सहज मिळेल. एक बाजू पूर्ण चढवून दुसरी ओढायची नाही, दोन्ही कोपरे थोडे थोडे सरकवायचे.

शेवटच्या दोन इंचांना खरी कसोटी आहे. रबर कमानीच्या अगदी काठावर येतं आणि तिथून मागे पळतं. त्या वेळी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा मोह होईल. त्यानं काठाला बारीकशी चीर पडली तर तीच पुढं वाढत जाते, कारण रबर कायम ताणावर असतं. लाकडाची गोल कडेची पट्टी किंवा सायकलच्या टायरचा प्लास्टिकचा लिव्हर वापर. आणि चढत नसेल तर पट्टा तसाच ताणून बांध आणि चहा घ्यायला जा. ताणून ठेवलेलं रबर हळूहळू आपणहून ढिलावतं, तासाभरानं तेच काम निम्म्या जोरात होतं. आमचं तसंच झालं. परत आलो, हिनं डावा कोपरा दाबून धरला, मी उजवा खाली ओढला आणि काठ फ्रेमखाली वळून बसला. त्याचा आवाज होतो बंडू, ‘टप्’ असा भरीव. नंतर अंगठ्यानं मध्ये दाबून बघितलं, रबर थोडं खाली गेलं आणि अंगठ्याला वर ढकलत आलं. मला फार आनंद झाला.

एक लक्षात ठेव. अर्धं चढवलेलं रबर अडलं म्हणून हीटगन मारत बसू नकोस. गरम करायचं ते ताणायच्या आधी. ताणलेल्या रबराला उष्णता दिली की ते लांबत नाही, उलट आखडायला बघतं, लोखंडाच्या बरोबर उलटं. तू यंत्रं बनवणारा माणूस, तुला हे आवडेल म्हणून लिहितो: रुंद रबरबँड घे, झटक्यात ताण आणि तसाच ओठाला लाव, कोमट लागेल. थोडा वेळ ताणून धरून एकदम सैल सोड आणि पुन्हा लाव, गार लागेल. जॉन गफ नावाच्या अंध इंग्रज अभ्यासकानं १८०५ मध्ये हे ओठावरच पारखलं होतं. पुढं जूल या शास्त्रज्ञानं ते मोजमापं घेऊन पक्कं केलं.

बसवल्यावर दोन दिवस कुणाला बसू देऊ नकोस, साबण सुकू दे, काठ जागेवर स्थिर होऊ दे. आणि गाडी वेल्डिंगच्या टेबलापासून लांब हलव. मला वाटतं मामांच्या सीटचं रबर तुझ्याकडे आल्यावर झपाट्यानं फाटलं त्याचं हे एक कारण असणार. आर्क वेल्डिंगमुळे हवेत ओझोन वायू तयार होतो, आणि ताणावर असलेल्या नैसर्गिक रबराचा तो वैरी. ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक बारीक भेगा पडत जातात. तू पाठवलेल्या फोटोत नेमक्या तशाच दिसतात. शिवाय दारातून येणारं ऊन. मागच्या खोलीत सावलीत ठेव, वर सुती चादर टाक. मधूनमधून साबणाच्या पाण्यानं पुसून औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन हलक्या हातानं लाव, तेवढं पुरे.

कागदाचंही बघ. केंद्रानं २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद केली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्यानं नोंदणी केली तर २०,००० रुपये फी आणि १० वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे मामांचा नंबर तसाच राहील. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालवता येत नाही. सीटचा शब्द त्या नियमात वेगळा नाही, पण मूळ रूप म्हटल्यावर फोम-रेक्झिनची गाडी पुढं करायला तुलाच बरं वाटणार नाही. इथंही तीस वर्षांपुढच्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरपाटी मिळते आणि तपासणारा मूळ रूपाकडेच आधी बघतो.

आपण तिलारी घाट उतरून दोडामार्गला गेलो होतो तेव्हा रबराची बाग पाहिली होती, आठवतं? झाडांच्या सालीवर तिरपी खाच आणि खाली बांधलेल्या वाटीत ठिबकणारा पांढरा चीक. मामा गाडी बाजूला लावून किती वेळ त्या वाटीत बघत उभे होते, आणि मग सीटवर थाप मारून म्हणाले होते, “हे त्याचंच.” त्यांचं ते वाक्य मला परवा काम करताना सारखं आठवत होतं. म्हणूनही तुला एवढं कळकळीनं लिहितोय. मामांनी तीस-चाळीस वर्षं ती सीट राखली, ती आपल्या हातून जायला नको.

माझा धाकटा मेव्हणा पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. मापं आणि फोटो या आठवड्यात आले तर रबर त्याच्या सामानात देतो. त्याबरोबर पुढच्या पिनेचे बुशही देतो, ते झिजलेले असणारच. पिनेचा व्यास तेवढा मोजून कळव. काम काढशील त्या दिवशी व्हिडिओ कॉल लाव, मी समोर बसतो.

मामींना माझा नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू

ता. क. ग्राइंडर त्या फ्रेमच्या जवळपाससुद्धा ठेवू नकोस. पोरांनाही सांगून ठेव.