जिप्सीचा कार्बोरेटर शेवटी उघड

वरोरा

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार.

जंगल सफारीतून निवृत्त झालेली कार्बोरेटरवाली १.३ जिप्सी घेतलीस, सौदा वाईट नाही. थंड असताना लागते, गरम झाली की आयडलला (उभ्या उभ्या चालू असताना) थरथरते, रेस सोडली की बंद पडते, चढावर हुंदके देते आणि लिटरमागे सात किलोमीटरच्या वर जात नाही, एवढं तू कळवलंस. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेला, नवा टाका. काहून एवढी घाई? बाजारात मिळणाऱ्या नकली कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) या इंजिनाला जुळतीलच असं नाही. आणि मूळ दुखणं दुसरीकडे असलं, तर पैसे जाऊन गाडी तशीच थरथरत राहील. कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

सफारीच्या गाडीचं आयुष्य कसं गेलेलं असतं ते लक्षात घे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालणं, घडीघडी बंद-चालू, आणि पुढच्या गाडीची धूळ नाकात. अशा इंजिनात व्हॉल्व्हवर कार्बन चढतो. एअर फिल्टर नीट बसलेला नसला तर धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा घासतात. म्हणून आधी इंजिनाचा दम मोज.

इंजिन गरम कर, चारही प्लग काढ आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा ते कळेल असे पुठ्ठ्यावर ओळीने मांड. चारही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असतील तर दोष सगळ्यांना लागू असलेल्या जागी आहे: हवा, पेट्रोल किंवा टायमिंग (ठिणगी आणि व्हॉल्व्हची वेळ). एकच वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरात शोध. भुरकट चॉकलेटी रंग ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओला प्लग म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतं. चुन्यासारखा पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

प्लग बाहेर आहेत तोवरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजून घे. कॉइलची वायर काढ, एक्सिलरेटर पूर्ण दाबून धर, चोक (कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा अडवणारी पट्टी) उघडा ठेव आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा फेरे सेल्फ मार. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. चांगल्या इंजिनात १४ किलोच्या आसपास येतं, १२ च्या खाली नको, आणि दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोज. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

व्हॉल्व्हचा संशय आला म्हणून लगेच हेड उतरवू नको, आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची मोकळी फट, पाहा. थंड इंजिनावर इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.१८ मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेव. फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. इथे पुष्कळांचा गैरसमज असतो: टकटक करणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो, पण घट्ट झालेला गुपचूप राहतो आणि तोच घातक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळते. इंजिन 'एकदम शांत' आहे असं सांगून गाडी विकली असेल, तर हे तपासच.

आता हवेची गळती. तुझी लक्षणं मला इकडेच बोट दाखवताहेत. थंड असताना चोक लागलेला असतो, पेट्रोल जास्त जातं, त्यात गळती झाकली जाते. गरम झाल्यावर चोक सुटला की ती उघडी पडते. मग कोणीतरी मिक्सचर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) बाहेर काढून गाडी कशीबशी चालू राहील असं करून ठेवतो, आणि अॅव्हरेज बसतं. एक सोपी परीक्षा कर. गरम इंजिन आयडलला ठेव, एअर क्लीनर उघड आणि चोकची पट्टी बोटाने जराशी बंद कर. इंजिन सुधारलं तर हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. आणखी बिघडलं तर पेट्रोल जास्त, म्हणजे कार्बोरेटरात येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई किंवा अडकलेला चोक पाहावा लागेल.

गळती शोधायला फवारणीच्या बाटलीतून साधं पाणी मार. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे गरम मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकतो, आणि आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात तर ती जोखीम घेऊच नको. डिस्ट्रिब्यूटर (प्लगना करंट वाटणारा भाग), कॉइल आणि वायरी मात्र कोरड्या ठेव. कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी, क्रँककेसच्या वाफेचा पाइप: एकेका जागी मार. आवाज बदलला की जागा सापडली. पाइप वाकवून पाहा, चिरा वाकवल्यावरच दिसतात.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तमच. आयडलला काटा १६ ते २० इंचांत स्थिर हवा. ठरावीक अंतराने खाली झटका मारत असेल तर एक व्हॉल्व्ह गळतोय. स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा टायमिंग. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विकणाऱ्याला सांगता आलं नसेल, तर कव्हर उघडून खुणा जुळतात का बघ. एक दात सरकला तरी गाडी चालते, पण चढावर जीव राहत नाही. बेल्ट नवाच टाक, त्यात काटकसर नको.

करंटचं थोडक्यात: प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर, डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपच्या आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप-रोटर दोन्ही बदल. रात्री अंधारात बोनेट उघडून वायरींवर ठिणग्या दिसतात का तेही बघ.

पेट्रोलची बाजू उरली. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीतलं सेन्सरवालं इंजिन हे सांभाळून घेतं, कार्बोरेटर नाही. तेव्हा सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाक आणि फिल्टर महिनाभरात पुन्हा बदल. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असेल. त्या ऑइलवर गाडी चालवू नको.

एवढं करूनही रेस सोडल्यावर बंद पडली तरच कार्बोरेटर. त्यातही आधी सोलेनॉइड (आयडलचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा खटका): किल्ली फिरवली की टिक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर आयडलचं पेट्रोलच बंद आहे. मग मिक्सचर स्क्रू अलगद आत टेकव, जोर लावलास तर टोक मोडेल, आणि अडीच आटे बाहेर काढून तिथून सुरुवात कर. जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालेल तिथे थांब. जेटमधून तार घालू नको, हवेने फुंक.

एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि प्लगचा फोटो पाठव. नागपूरहून गॅस्केट मागवायचं की हेड उतरवायचं, ते त्यावरून ठरवू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर