फाटकाची कडी

फैजपूर, 8 जानेवारी 2026

चि. वैशूस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट झाल्याचं आईने सांगितलं. 13 तारखेला पहाटे भुसावळला उतरशील, संक्रांत करूनच जाशील, छान झालं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आपल्या म्हाताऱ्या मांजरीचं, भुरीचं नाव निघालं की तू रडायला लागतेस आणि मी व्होल्टेजचा विषय काढतो. म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल. गाडीत बसल्यावर सावकाश वाच आणि पूर्ण वाच.

पहिल्या फिटचं तुला अर्धंच माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. भुरी ओट्याखाली तिच्या पोत्यावर बसलेली. तिचा एक कान फडफडला, मान दोन-तीनदा झटकली, कुणी चिमटा काढावा तशी, आणि धाडकन आडवी झाली. चारी पाय हवेत सायकल मारल्यासारखे चाललेले, तोंडाला फेस, डोळे सताड उघडे पण नजर नाही, खाली लघवी झालेली. तुझी आई "व माय! अहो, पाहा ना हिला काय झालं" म्हणून ओरडली आणि कांदा फोडायला धावली. शेजारच्या काकू चप्पल घेऊन आल्या. मी त्या दोघींना अडाणी म्हणालो आणि स्वतः काय केलं? जीभ गिळेल म्हणून तिच्या तोंडात अंगठा घातला. दात आरपार. आईने तुला "अप्पांना पत्रा लागला" असं सांगितलं होतं, तो पत्रा हाच. ग्रामीण रुग्णालयात जाऊन 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशीची इंजेक्शनं घेऊन आलो.

फिटमध्ये जीभ गिळली जात नाही, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि कांदा मांजराच्या पोटात गेला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे तो उपाय आजाराहून वाईट.

भुरीला गुरांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो रेबीजच्या लसीचा. तू दरवर्षी पुण्याहून फोन करकरून ती टोचून घ्यायला लावायचीस आणि "घरातल्या मांजराला कशाला" म्हणून मी कुरकुरायचो. कार्ड दाखवलं तेव्हा आमचे सरकारी डॉक्टर हसले. बिचारे दिवसभर गाई-म्हशींत असतात, तरी अर्धा तास बसून एकेक विचारत गेले. उंदराचं औषध ठेवलं होतं का, फवारणीचा डबा उघडा होता का, कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब हिला कुणी लावले का. त्या थेंबांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला त्यानेच झटके येतात. यातलं काहीच नव्हतं. मग त्यांनीच जळगावच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं.

तिथे रक्त घेतलं, साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी, थायरॉइड सगळं पाहिलं. रक्तदाबही घेतला, शेपटीला इवलासा पट्टा बांधून! भुरीने तो अपमान मुकाट्याने सोसला. म्हाताऱ्या मांजराला पहिल्यांदा फिट येते तेव्हा कारण कधी मेंदूच्या बाहेर असतं म्हणाल्या, किडनी, रक्तदाब, साखर उतरणं. नाहीतर मेंदूत, आणि तिथे या वयात मेंदूच्या आवरणावरची गाठ हा पहिला संशय. हिची किडनी थोडी थकली आहे, बाकी ठीक.

मेंदूत विजेचा लोट एकदम उसळतो, असं मॅडमनी समजावलं. हे मला लगेच कळलं. एक फेज गेला की मोटार कशी गुंगते, थरथरते आणि बंद केली नाही तर जळते, हे मी मोटारी दुरुस्त करताना चाळीस वर्षं पाहतो आहे. पण तिथे मी स्टार्टर पाडतो. इथे स्टार्टर कुठे? मॅडम म्हणाल्या, तुम्ही फक्त घड्याळ पाहायचं.

वैशू, हे काम मला जड गेलं. हात असून काही करायचं नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, दिवा मालवायचा, टीव्ही बंद, आणि दोन हात लांब बसून सेकंद मोजायचे. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी लागली तर उचलून थेट दवाखाना. भुरीची बहुतेक सव्वा मिनिटात थांबते. सव्वा मिनिट म्हणजे किती, ते तू पाहशील तेव्हा कळेल. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मला जास्त वाईट वाटतात. उठते, भिंतीला धरून फिरते, देवघराच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहते, मला ओळखत नाही. तेव्हा कवेत घ्यायला जाऊ नकोस, तुलाही चावेल. मग एकदम भूक लागते. ताटलीकडे नीट चालत आली की समजायचं, घरी आली.

आता एक गोष्ट जी तुला सांगितलीच नव्हती. सुरुवातीला फेनोबार्बिटोन चालू होती, 30 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा सकाळ-संध्याकाळ. त्याने ती दिवसभर गुंगीत असायची, मागचे पाय लटपटायचे, आणि खायला मात्र राक्षसासारखी. नवरात्रात एकदा पायरीवरून घसरली. मला पाहवेना. मी माझ्याच अकलेने दोन दिवस गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री तीन फिट आल्या. लाइट नव्हती, आईने मोबाइलची बॅटरी धरली, मी घड्याळ. पहाटे रिक्षा करून जळगाव गाठलं. मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की ही गोळी एकदम सोडली तर मेंदू उसळून उठतो, कमी करायची तर हळूहळू, आणि आम्हाला विचारून. ती चूक माझी होती. त्या आठवड्यात तू फोनवर "कशी आहे" विचारलंस आणि मी "मस्त" म्हणालो.

डायरीचं ऐक. दुकानात प्रत्येक मोटारीमागे मी एक ओळ लिहितो, तुला माहीत आहे. तारीख, कुणाची, किती एचपी, आणि शेवटी "कशामुळे जळाली". भुरीच्या फिट त्याच वहीत मागच्या पानावर लिहायला लागलो आणि सवयीने शेवटचा रकानाही आखला. कशामुळे? काय लिहिणार, रेघ मारायचो. मग रिकामं बरं दिसेना म्हणून त्या वेळी घरात जे चाललं असेल ते लिहायला लागलो. दिवाळीच्या आठवड्यात पाच फिट झाल्या. रात्री पान उघडलं तर असं होतं: "स. 7.10, 1 मि. 20 से., ताटं रॅकमध्ये लावत होती." "स. 7.25, नुसते झटके, वाटीत चमचा." "दु. 4, 1 मि. 10 से., शंकरपाळ्याचा डबा, झाकण." शेवटचा रकाना भरलेला, आणि सगळीकडे स्टील.

मॅडमना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, असं असतं. इंग्लंडच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये यावर लिहिलं आहे. म्हातारपणी काही मांजरांना बारीक, उंच आवाजानेच फिट येते. चांदीचा कागद चुरगळणं, चमचा वाटीवर आपटणं, नाणी, किल्ल्या, प्लॅस्टिकची पिशवी, कॉम्प्युटरची बटणंसुद्धा. त्यातल्या बऱ्याच मांजरी एरवी ऐकायला कमी असतात. भुरीही तशीच, हाक मारली तर मान वळवत नाही, म्हणून आपल्याला कधी शंका आली नाही. माणसाचा कान 20 हजार हर्ट्झपर्यंत जातो, मांजराचा 60 हजारांच्याही वर. माझा तर ग्राइंडरपाशी बसून कधीच खाली आला. मला ताटाचा आवाज ऐकू येतो, तिला त्यात आणखी काय ऐकू येतं कोण जाणे.

आणि विनोद पाहा, गोळीची पट्टी! मी दर सकाळी तिच्या कानाशी बसून फिटची गोळी पट्टीतून "चर्र" करून काढायचो. डायरीत तीन ओळी त्याच्याच निघाल्या. आता आठवड्याच्या गोळ्या दुकानातच काढून, कापून, बाटलीत कापूस घालून आणतो.

नोव्हेंबरपासून औषध बदललं. लेव्हेटिरासिटाम, 250 च्या गोळीचे चार तुकडे, एक तुकडा दर आठ तासांनी: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. या आवाजाच्या फिटवर हीच जास्त चालते. ती किडनीवाटे बाहेर पडते म्हणून मॅडमनी डोस जपूनच ठेवला आहे. जुनी पायरी-पायरीने उतरवली. गोळी कडू आहे, तुपात बुडवून जिभेच्या मागे टाकायची आणि सिरिंजने थोडं पाणी, नाहीतर घशातच चिकटते. दुपारी दोनला मी दुकान बंद करून घरी येतो. रब्बीच्या ऐन दिवसांत गिऱ्हाईक शटरवर हात मारून जातं. जाऊ दे. परवा एकाने विचारलं, "भाऊ, कोणाची तब्येत बरी नाही?" मी म्हणालो, घरच्यांची.

शेवटची फिट 12 डिसेंबरला. आज 27 दिवस झाले. तू येशील तेव्हा बत्तीस होतील, झाले तर.

तुझ्या आईचं सांगायचं राहिलं. ताटांच्या रॅकमध्ये जुनी लुगडी अंथरली आहेत. चमचे लाकडी. देवाची घंटी कपाटात, आरती टाळ्यांवर. पण बांगड्या? काचेच्या बांगड्या काढ म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि तिनेही विषय काढला नाही. एक दिवस पाहिलं, भुरीला दही घालताना तिने स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढली होती, मनगटावर रबर लावून. आत काहीच वाजत नव्हतं. मी काही बोललो नाही. उन्हाळ्यात 45 डिग्रीत काय करणार आहे, हे मात्र विचारायचं आहे.

तू दोनदा म्हणालीस, मुंबईला नेऊन एमआरआय करू, पैसे मी देते. पैशाचं नाही बेटा. आठ-नऊ तासांचा प्रवास, भूल द्यायची, थकलेली किडनी. आणि गाठ निघालीच तर सोळा वर्षांच्या जिवाची कवटी उघडायला मी हो म्हणणार नाही, तूही नाही. मग पाहून काय करायचं? मॅडमना हे सरळ विचारलं. म्हणाल्या, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. तरी तू येऊन मॅडमशी बोल, तुझं मन वेगळं झालं तर आपण पुन्हा बसू. भुरीला तूच आणलीस, 2009 च्या आखाजीला, वखारीतून ओढणीत गुंडाळून, आणि मी म्हणालो होतो दोन दिवसांत सोडून ये.

"सोडवायचं" कधी, हेही तू विचारलंस. मी एवढंच ठरवलं आहे: सकाळी दुकानाला निघताना ती माझ्या स्कूटरच्या सीटवर उन्हाला येऊन बसलेली असते आणि मी तिला उठवतो, ती गुरगुरते. हे जोवर चालू आहे तोवर तो विषय नाही. ज्या आठवड्यात ती येणार नाही, खाणार नाही, त्या आठवड्यात मी तुला आधी फोन करीन. या वेळी "मस्त" म्हणणार नाही.

आता तुझ्यासाठी. पैंजण भुसावळलाच काढून पर्समध्ये ठेव. किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांध. वेफर्स-कुरकुरे जे काय आणशील ते गच्चीवर खा. लॅपटॉपवर काम असेल तर माडीवर बस, दार लावून. भरीत करणारच आहोत, पऱ्हाट्यांवर वांगी मागच्या अंगणात भाजू, पण ताटांऐवजी केळीची पानं. ती आपल्याकडे काही कमी नाहीत.

एसटी तापीचा पूल ओलांडेल तेव्हा मिस्ड कॉल दे, मी उठलेलाच असतो, सहाची गोळी असते. फाटकाची लोखंडी कडी तू लहानपणापासून खणखण वाजवत आलीस. ती मी काढून टाकली आहे, तिथे सुतळी बांधली आहे. गाठ साधी आहे, ओढली की सुटते.

तुझा,
अप्पा