लाल दोऱ्याबद्दल आभार

आदरणीय वॉरंट ऑफिसर साहेब,

गावात तुम्हाला सगळे फौजीच म्हणतात. हे पत्र मात्र हवाई दलाच्या मेडिकल स्टोअरमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला आहे.

मृगाची पेरणी म्हणजे मराठवाड्यात घोणस आणि मण्यारचे दिवस. आमच्या रुग्णालयात एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, कपाटात, कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट तालुक्याच्या मीटिंगला. वर कळवलं की उत्तर ठरलेलं: साठा उपलब्ध आहे. ते खोटंही नव्हतं, रजिस्टरवर होताच की! रात्री दोन वाजता तेवढा सापडत नव्हता.

तुम्ही दोन डबे केले. एएसव्हीच्या पावडरच्या दहा बाटल्यांचा डबा फ्रीजमध्ये. बाकीचं सामान फ्रीजवरच्या डब्यात: 10 मिलीचे डिस्टिल्ड वॉटरचे दहा अँप्युल, सिरिंज, आयव्ही सेट, सलाइन, अ‍ॅड्रेनलिन, दोन कोरड्या टेस्ट ट्यूब. विमानात शेवटी चढवलेलं आधी उतरतं, तशीच डब्याची रचना. म्हणून विषाने रक्त गोठणं थांबलंय का हे बघायच्या ट्यूब सगळ्यात वर. त्या काचेच्याच हव्यात. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त गोठायला उशीर लागतो आणि चाचणी फसवते. 2 मिली रक्त, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी असल्याशिवाय एएसव्ही सुरू करायचं नाही. बाटली खळखळून हलवायची नाही, फेस होतो. हातात हळू फिरवायची. हे सगळं झाकणाच्या आतून, मराठीत, ठळक अक्षरात.

पण खरे आभार दोऱ्याचे. डब्यांना तुम्ही कुलूप लावू दिलं नाही. लाल सुती दोरा बांधलात, त्यात तारखेची आणि सहीची चिठ्ठी. दोरा शाबूत म्हणजे डबा पूर्ण. तुटला म्हणजे सकाळी आधी भरणा, मग चहा. कोणीतरी नायलॉनची सुतळी आणली होती, ती तुम्ही परत पाठवलीत. हाताने तुटेल असाच दोरा हवा, त्या घाईत सिस्टरला कात्री शोधायला लागू नये. एवढा विचार आमच्यासाठी याआधी कोणी केला नव्हता. तपासणीला येणारे रजिस्टर बघायचे, सही करून निघायचे.

लसींचंही तसंच. आम्हाला धास्ती उन्हाची, नुकसान मात्र बर्फाने होत होतं. डीप फ्रीझरमधला टणक आइसपॅक थेट लस न्यायच्या कॅरियरमध्ये गेला की पेंटा आणि टीडी या लसी गोठून वाया जातात, आणि बाटलीवरचा रंग बदलणारा व्हीव्हीएमचा चौकोन ते सांगत नाही. त्याला फक्त उष्णता कळते. आता आइसपॅक बाहेर काढून ठेवतात, त्याला घाम सुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच कॅरियर भरतात. आशाताई तर लसीकरणाच्या दिवशी पॅक कानाशी धरूनच बोलतात, फोन लावल्यासारखा!

तुम्ही ना मानधन घेतलंत, ना सत्कार घेतलात. बदलीवर आलेल्या शिपाईमामांनाही ‘अहो मामा’ म्हणत चिठ्ठी वाचायला बसवलंत. अशी माणसं हुद्द्यावर असतात तेव्हाही अशीच असणार.

दोऱ्याचं रीळ अर्ध्यावर आलं आहे. मृगाच्या आत एकदा या, दोन्ही डबे तुमच्यासमोर उघडून पुन्हा बांधायचे आहेत.

आपले,
ग्रामीण रुग्णालयातील रात्रपाळीचे कर्मचारी