प्लिमथ पटक्सेटमधील अनामिक मदतनीसांचे आभार

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ पटक्सेट या संग्रहालयात ज्यांनी आम्हाला आपुलकीने वेळ दिला, त्यांचे मी जाहीर आभार मानते. त्यांची खरी नावे मला सांगता येणार नाहीत, कारण १६२० च्या दशकातील इंग्रज वसाहतीत वावरणारे ते वेशधारी कलाकार आमच्याशी त्या काळातील माणसे म्हणूनच बोलत होते.

चुलीपाशी काम करणाऱ्या बाईंनी माझ्या मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले, आणि मेफ्लॉवर जहाजातून ही वसाहत वसवायला आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे पहिल्याच हिवाळ्यात दगावली, हे तर त्यांनी शेजारपाजारच्या माणसांविषयी बोलावे तसे सांगितले. उतारावर सासूबाईंची पावले अडखळू लागताच एका सुताराने हातातले काम ठेवून, आपली भूमिका जराही न सोडता, त्यांना हाताला धरून खाली आणले.

संग्रहालयातल्याच वाम्पानोआग या मूलनिवासी समाजाच्या वस्तीतील एका गृहस्थांचे ऋण मला अधिक वाटते. तेथील मूलनिवासी कर्मचारी पारंपरिक वेशात असले, तरी कोणाची भूमिका करत नाहीत. ते आजच्या काळातले म्हणूनच बोलतात. झाडाचा बुंधा आगीने पोखरून होडी करता करता त्या गृहस्थांनी, इंग्रज येण्यापूर्वीच साथीच्या रोगाने पटक्सेट हे वाम्पानोआगांचे गाव कसे ओस पडले, हे आमच्या अजाण प्रश्नांनी न दुखावता समजावले.

यांच्यापैकी कोणी वाचकांच्या परिचयाचे असल्यास आमची कृतज्ञता त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी, ही विनंती.